गोल्फचं मैदान कुणाचं? मिरा रोड ते खारघर, व्हाया स्कॉटलंड

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे झाला. आपल्याच एका ऐकणाऱ्यानं विचारलं होतं, "दादा, ऑफिसात नवीन मॅनेजर आलाय, उठता-बसता गोल्फ. मी मिरा रोडला राहतो. मेंबरशिप वगैरे नको, एक दिवस पैसे भरून खेळून बघायचंय. जवळात जवळ कुठे जाऊ?"

साधा प्रश्न. दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकू म्हटलं आणि मॅप उघडला. मग तीन रात्री वाचतच बसलो. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर मॅपवर नाही, इतिहासात आहे. मी काही इतिहासाचा विद्यार्थी नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. पण कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या परवानग्यांचं काम आम्ही रोज करतो, त्यामुळे हा विषय मला लगेच ओळखीचा वाटला.

आधी उत्तर देतो, मग गोष्ट.

मुंबईत मोठी गोल्फची मैदानं म्हणजे तीन नावं. कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लब, तो सैन्यदलांचा. ताडदेव-हाजी अलीजवळ विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब, तो सभासदांचा. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, तोही सभासदांचा. कुणी सभासद ओळखीचा असेल तर पाहुणा म्हणून आत जाता येईल, नाहीतर कुंपणाबाहेरून हिरवळ बघायची. पैसे भरून कुणालाही खेळता येईल असं सार्वजनिक मैदान हवं असेल तर खाडी ओलांडून नवी मुंबईत जायचं. खारघर व्हॅली गोल्फ कोर्स, सिडकोनं बांधलेलं.

म्हणजे मुंबई आणि उपनगरं मिळून एवढी अवाढव्य वस्ती आणि सर्वांसाठी उघडं असलेलं नाव सांगायचं तर हे एकच. असं का झालं? गोल्फ श्रीमंतांचा खेळ म्हणून? ऐकायला पटतं. पण हा खेळ जिथे जन्मला तिथली गोष्ट ऐकलीत तर हे उत्तर लंगडं पडतं.

आधी जागेचा हिशोब

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण मैदानात १८ होल असतात. होल म्हणजे जमिनीतला छोटा खड्डा, पण तिथपर्यंत पोचायची सगळी पट्टीही त्या होलमध्येच धरतात. काही पट्ट्या शंभर-दीडशे मीटरच्या, काही पाचशे मीटरच्या. काठीनं चेंडू मारत जायचं, कमीत कमी फटक्यांत खड्ड्यात घालायचा, मग पुढची पट्टी. १८ होल पूर्ण करायला चार-पाच तास सहज जातात.

अशा मैदानाला साधारण १०० ते १५० एकर जागा लागते. दादरचं शिवाजी पार्क आहे २८ एकरांच्या आसपास. म्हणजे एक गोल्फचं मैदान म्हणजे चार ते पाच शिवाजी पार्क. आता शिवाजी पार्कात रविवारी सकाळी किती माणसं असतात आठवा. क्रिकेटच्या दहा मॅचेस एकमेकींत घुसलेल्या, कडेला आजोबा लोकांच्या फेऱ्या, मल्लखांब, कट्ट्यावरच्या गप्पा. आणि गोल्फमध्ये? एका होलवर फार तर चार जणांचा गट. १८ गुणिले ४, म्हणजे ७२. एवढ्या मोठ्या जागेत एका वेळी खेळणारे ७२.

हा आकडा लक्षात ठेवा. सगळी भांडणं त्याच्याभोवती फिरतात.

स्कॉटलंड: सशांशी झालेलं भांडण

गोल्फ आजच्या रूपात वाढला तो स्कॉटलंडमध्ये. तिथे तो इतका लोकांचा खेळ होता की १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या काळात तिथल्या संसदेनं गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली. कारण काय, तर पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसतात. म्हणजे आपल्या आईबाबांचं मोबाइलबद्दल जे म्हणणं आहे, तेच तिथल्या सरकारचं गोल्फबद्दल होतं. बंदी घालावी लागते याचा अर्थच हा की सगळे खेळत होते.

तिथे सेंट अँड्र्यूज नावाचं एक समुद्रकाठचं गाव आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची, गवताची पडीक पट्टी. शेती पिकत नाही, घरं बांधता येत नाहीत. आपल्याकडे गावाबाहेर गायरान असतं तसंच. लोक तिथे गुरं चारायचे, कपडे वाळत घालायचे आणि गोल्फ खेळायचे. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपला त्या जागेवर ससे पाळायचे होते, त्यासाठी गावाबरोबर लेखी करार झाला. त्या कागदात एक गोष्ट स्पष्ट नोंदली गेली: ससे पाळा, पण गावकऱ्यांचा तिथे गोल्फ आणि बाकीचे खेळ खेळायचा हक्क कायम राहील.

हा कागद पुढे कामाला आला. १७९७ मध्ये गावची पालिका कर्जात बुडाली होती आणि ती जागा तिच्या हातून गेली. नव्या मालकांनी तिथे धंद्यासाठी ससे सोडले. सशांनी सगळं मैदान पोखरून काढलं. आता खेळणार कुठे? गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असं भांडण जुंपलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ते वीसेक वर्षं चाललं. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या तिथल्याच एका जमीनदारानं ती जागा विकत घेतली. तो स्वतः गोल्फवाला, त्यामुळे मैदान वाचलं.

पण वाचलं ते एका माणसाच्या आवडीवर. पुढच्या पिढीला गोल्फ आवडला नसता तर? गावाला हे कळत होतं. म्हणून पुढे पालिकेनं ती जमीन परत विकत घेतली आणि १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेचा खास कायदा झाला. मैदान गावाच्या मालकीचं, सार्वजनिक, आणि ते तसंच राहील.

आज त्या मैदानाला ओल्ड कोर्स म्हणतात. जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध गोल्फ मैदान. टायगर वूड्स तिथे जिंकलाय. शेजारी रॉयल अँड एन्शंट नावाचा नामांकित क्लब आहे, पण मैदान त्या क्लबच्या मालकीचं नाही. खेळायच्या वेळेसाठी बाहेरचा माणूससुद्धा सोडतीत नाव टाकू शकतो. म्हाडाची लॉटरी माहीत आहे ना, तसंच, फक्त सोडत खेळाच्या दोन दिवस आधी. फी भरपूर आहे, स्वस्त नाही. पण दारावर "तुम्ही कोण?" असं कुणी विचारत नाही.

आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. रविवारी तिथे गोल्फ बंद असतो. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी तो बगिचा होतो. गावातले लोक कुत्री घेऊन, पोरांना घेऊन जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हिरवळीवर फिरायला येतात. ७२ माणसांच्या हिशोबाला त्या गावानं दिलेलं उत्तर म्हणजे हा रविवार.

मग आपल्याकडे काय आलं?

आपल्याकडे गोल्फ आला खूप लवकर. १८२९ मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला, तो आज रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा हा जगातला सगळ्यांत जुना गोल्फ क्लब. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब झाला. अमेरिकेत गोल्फ रुजायच्या कितीतरी आधी.

पण येताना फक्त खेळ आला. गावाचं गायरान, तो कागद, तो रविवार, हे सगळं स्कॉटलंडलाच राहिलं. इथे साहेबाला घरापासून दूर आपल्या माणसांत बसायची जागा हवी होती. त्यामुळे खेळ क्लबच्या आत गेला आणि क्लबचं दार बंद. आमच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर तेच, पण इन्स्टॉल करताना डिफॉल्ट सेटिंग बदललं. आणि डिफॉल्ट सेटिंग कुणी नंतर बदलत नाही हे आपण सगळे जाणतो.

लोकांनी हे गुमान सहन केलं असं मात्र समजू नका. मुंबईतलं एक भांडण सांगतो. ते गोल्फचं नाही, पोलोचं आहे, पण मुद्दा अगदी हाच.

आज जिथे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आहे, तो सगळा पट्टा पूर्वी एस्प्लनेड. तिथे पारशी, हिंदू, मुसलमान पोरं क्रिकेट खेळायची. १८७५ मध्ये तिथेच बॉम्बे जिमखाना झाला, फक्त युरोपियनांसाठी. जिमखान्याच्या साहेबांना पोलो खेळायचा होता. आणि तो खेळायला त्यांनी नेमकी ती जागा वापरली जिथे आपली पोरं क्रिकेट खेळत. घोड्यांच्या टापांनी मैदानाची चाळण व्हायची. मग त्या खड्ड्यांत क्रिकेट खेळून दाखवा.

१८८१ मध्ये या क्रिकेटवाल्यांनी सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी नावाचे पारशी गृहस्थ यात पुढे होते. मुद्दा सरळ होता: मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो पोरांचं मैदान का खराब करायचं? सरकारनं आधी ऐकल्यासारखं केलं, मग माघार घेतली. भांडण वर्षानुवर्षं चाललं. शापूरजींनी पुढे १८९७ मध्ये या सगळ्यावर पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे "मैदान कुणाचं" यावर लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते असावं असं मला वाटतं.

यातून काय मिळालं? मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी भराव घातलेल्या जागेवर पारशी जिमखाना, मग इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. आजही लोकलमधून चर्चगेटकडे जाताना दिसतात. म्हणजे मागणी होती "मैदान सगळ्यांचं करा", आणि उत्तर मिळालं "तुम्हालाही तुमचे क्लब घ्या". दार उघडलं नाही, दारांची संख्या वाढली.

विलिंग्डन, चेंबूर आणि कुंपणापलीकडचा खेळ

गोल्फच्या बाबतीतही हेच घडलं. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते. असं सांगतात की त्यांच्या एका भारतीय पाहुण्याला गोऱ्यांच्या क्लबात आत घेतलं नाही आणि त्याचा त्यांना राग आला. दंतकथा किती, खरं किती, हा भाग सोडा. पण १९१७-१८ च्या सुमारास विलिंग्डन क्लब सुरू झाला आणि त्यात भारतीय आणि युरोपियन दोघांनाही पहिल्यापासून प्रवेश होता. त्या काळात ही मोठीच गोष्ट. फक्त "भारतीय" म्हणजे कोण? राजेरजवाडे, गिरणीमालक, मोठे वकील. रंगाची अट गेली, ऐपतीची आणि ओळखीची राहिली.

मग १९२७ मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. तेव्हाचं चेंबूर म्हणजे शहराबाहेरचं गाव. कुर्ला-चेंबूर रेल्वेचा रूळ १९०६ मध्ये टाकला होता तो शहराचा कचरा वाहून न्यायला, आणि १९२४ मध्ये त्यावर माणसांच्या गाड्या सुरू झाल्या. अशा ठिकाणी शंभर एकर जागा मिळणं अवघड नव्हतं. मग शहर वाढत वाढत आलं, क्लबच्या चारी बाजूंनी चाळी, कॉलन्या, झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. मैदान तिथेच, कुंपणही तिथेच, बाहेरचं जग मात्र बदललं.

आणि इथे आपल्या गोष्टीतले खरे हिरो येतात. कॅडी.

कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग उचलणारा. चांगल्या कॅडीला प्रत्येक चढ-उतार, वाऱ्याची प्रत्येक सवय माहीत असते. कुठली काठी घ्यायची ते साहेबाला तो सांगतो. चेंबूरच्या वस्त्यांमधली पोरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली. दिवसभर खेळ बघायचा, शिकायचा, पण स्वतः खेळायचं म्हटलं तर मैदान मिळणं मुश्कील. मग त्यांनी काय केलं? लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि वस्तीच्या बोळांत खेळायला लागले. होल म्हणजे जमिनीतला खड्डा. अडथळे म्हणजे गटार, पत्रे, भिंती, कुणाची तरी पाण्याची टाकी. याला नाव पडलं स्लम गोल्फ. सुजय डहाके या आपल्या मराठी दिग्दर्शकानं २०२३ मध्ये त्याच नावाची सिरीजही केली.

मला यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या पोरांनी नकळत सेंट अँड्र्यूजचा मूळ गोल्फ परत शोधून काढला. जी जागा आहे तीत, जे हाताशी आहे त्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांभाळत खेळायचं. पाचशे वर्षांपूर्वीचे ते कोळी आणि मेंढपाळ असेच खेळत असणार.

आणि गुणवत्तेचं म्हणाल तर अली शेर यांचं नाव घ्या. दिल्लीत कॅडीचं काम केलेला हा माणूस, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कॅलकटाच्या मैदानाची निगा राखायचे, आणि मुलगा २००८ मध्ये दिल्लीला इंडियन मास्टर्स जिंकला, युरोपियन टूरची स्पर्धा. बंगलोरचे सी. मुनियप्पा, तेही कॅडी, २००९ चे इंडियन ओपन विजेते. दाराच्या फटीतून आत गेलेल्यांनी एवढं केलं. दार उघडं असतं तर काय झालं असतं याचा हिशोब कुणी मांडायचा?

दार उघडायच्या तीन तऱ्हा

असं नाही की दारं उघडतच नाहीत. उघडली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी तऱ्हा वेगळी.

पहिली तऱ्हा नाशिकची. नाशिककरांना विचारा, "सकाळी पळायला कुठे जाता?" उत्तर येईल, "गोल्फ क्लबला." पण तिथे गोल्फ नाही. जॉगिंग ट्रॅक आहे, क्रिकेटचं मैदान आहे, रणजीचे सामने होतात, सभा होतात. जुनं नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं. कागदोपत्री नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. अनंत कान्हेरे म्हणजे ज्यानं २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तो कोवळा पोरगा. १९ एप्रिल १९१० ला त्याला आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. साहेबाच्या खेळाचं नाव असलेल्या जागेला आज साहेबाला मारणाऱ्याचं नाव आहे आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. इथे खेळ गेला आणि मैदान लोकांचं झालं.

दुसरी तऱ्हा, खेळ ठेवायचा आणि दार उघडायचं. न्यूयॉर्कनं हे १८९५ मध्येच केलं. ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कॉर्टलंड पार्कमध्ये अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झालं, शहराच्या बागेच्या आत. आपल्याकडे दिल्ली विकास प्राधिकरणानं लाडो सराईला कुतुब गोल्फ कोर्स केलं, ते साल २०००. कुतुबमिनार मागे दिसतो, आणि पैसे भरून कुणीही खेळू शकतं. म्हणजे कलकत्त्याच्या पहिल्या क्लबनंतर १७१ वर्षांनी.

महाराष्ट्रात सिडकोनं खारघरला हेच केलं, २०१२ मध्ये. सुरुवात १८ पेक्षा कमी होलनी झाली, पुढे ते १८ करायचं ठरलं. पण ही तऱ्हाही बिनवादाची नाही. ते मैदान खारघरच्या डोंगरांच्या कुशीत आहे, पांडवकड्याचा धबधबा जवळ, कोल्ह्यांचा वावर असलेला भाग. विस्तारासाठी झाडं आणि डोंगराची जागा जाणार म्हणून पर्यावरणवाल्यांनी विरोध केला. सरकारी संस्थेनं बांधलं म्हणून प्रश्न संपत नाहीत. ७२ चा आकडा इथेही लागू आहेच. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जमीन, पण ज्याला गोल्फ येत नाही त्याला तिथे काय?

तिसरी तऱ्हा वाटणीची. विलिंग्डन क्लबच्या शेजारचा महालक्ष्मी रेसकोर्स बघा. त्याचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. अकरा वर्षं घोळ चालला आणि २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर घोड्यांच्या शर्यतींसाठी. या निर्णयावर टीकाही भरपूर झाली. पण एवढं मात्र दिसलं की शंभर वर्षं जुनं कुंपणसुद्धा हलू शकतं, आणि ते हलतं करार संपतो त्या दिवशी. तो दिवस कधी आहे हे लोकांना माहीत असलं पाहिजे, एवढंच.

आता आपल्या गावाचं

मिरा-भाईंदरमध्ये गोल्फचं मैदान नाही. ते असावं का? माझं मत स्पष्ट सांगतो: आत्ता नको. आपल्याकडे आठ लाखांहून जास्त लोक, आणि पिण्याच्या पाण्यासाठी सूर्या योजनेच्या २१८ दशलक्ष लिटरची आपण किती वर्षं वाट बघतोय ते तुम्हाला माहीत आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्यात शंभर एकर गवत हिरवं ठेवायला पाणी कुठून आणणार?

पण सेंट अँड्र्यूजचा प्रश्न आपल्याला लागू आहे. आपलं गावही समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या खाऱ्या पट्टीवरच वसलंय. मिठागरं, खाजण, उत्तन-डोंगरीच्या टेकड्या. या जमिनीचे कागद काय सांगतात? १८७० मध्ये ब्रिटिश सरकारनं इथल्या जमिनी तब्बल ९९९ वर्षांच्या करारानं एका खासगी माणसाकडे दिल्या. त्यानं बांध घालून खारं पाणी शेतात येण्यापासून रोखायचं, अशी ती व्यवस्था. पुढे ते हक्क एका खासगी कंपनीकडे गेले, आणि आजही मिरा-भाईंदरमध्ये फ्लॅट घेणाऱ्याला, इमारत पुन्हा बांधणाऱ्याला त्या करारातून आलेले वाद भोगावे लागतात.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १८७० मध्ये आपल्या खाडीकाठची जमीन ९९९ वर्षांसाठी एकाच्या हाती. १८९४ मध्ये तशाच एका खाऱ्या पट्टीसाठी सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी कायदा करून घेतला. दोन्हीकडे राज्य तेच, राणीही तीच. तिथल्या लोकांकडे जुना कागद होता आणि त्यासाठी भांडायला पालिका होती. आपली महानगरपालिका २००२ ची.

म्हणून माझी विनंती गोल्फची नाही. भाईंदर पश्चिमेचं सुभाषचंद्र बोस मैदान असो, तुमच्या कॉम्प्लेक्समागचा मोकळा प्लॉट असो, किंवा डोंगरीची ती टेकडी, जिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडण्यावरून वाद पेटला. शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर काय लिहिलंय ते एकदा बघा. "खेळाचं मैदान" असं आरक्षण असेल तर ते तसंच राहतंय का, की कुणाला "देखभालीसाठी" दिलंय आणि गेटला कुलूप लागलंय, हे बघा. आराखडा बदलायचा असेल तर हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, त्याला ठरावीक मुदत असते. ती नोटीस आपण कुणी वाचत नाही, आणि मग वीस वर्षांनी कुंपणाबाहेर उभं राहून विचारतो की हे क्लबचं कधी झालं.

आणि ज्यानं मेसेज केला होता त्या मित्रा, तुझं उत्तर. मिरा रोडवरून लोकलनं अंधेरी, तिथून हार्बरनं खारघर, गाडी बदलावी लागली तर वडाळ्याला किंवा कुर्ल्याला. बेलापूर ते पेंधर अशी नवी मुंबईची मेट्रो आहे, तिचं सेंट्रल पार्क स्टेशन मैदानाच्या बाजूला पडतं. गाडी असेल तर घोडबंदर रोड, ठाणे, ऐरोली असा रस्ता. विस्ताराचं काम असू शकतं, त्यामुळे आधी फोन करून मैदान चालू आहे का, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला काठ्या भाड्यानं मिळतात का, एवढं विचारून घे. पहाटेच निघ, कारण उन्हात चार तास चालायचंय. कॅडी मिळाला तर त्याचं ऐक, त्याला तुझ्यापेक्षा आणि तुझ्या मॅनेजरपेक्षा जास्त कळतं. आणि त्याच्या कामाचे पैसे देताना हात आखडता घेऊ नकोस.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या एरियात पूर्वी सगळ्यांचं असलेलं आणि आता कुलूपबंद झालेलं मैदान असेल, किंवा उलट, कुलूप उघडून लोकांनी परत मिळवलेलं असेल, तर मला कळवा. एक एपिसोड त्याच्यावर करू. काळजी घ्या, खेळत राहा. भेटू पुढच्या आठवड्यात.